दुपारी काढलेली रात्र

दसरा उलटला की अमरावतीहून अकोल्याला जाताना मी एसटीत खिडकीची जागा घेत नाही. मिळाली तरी शेजारच्याला देऊन टाकतो. लोकांना वाटतं, सर भले आहेत. भलेपणाचा काही संबंध नाही. बडनेरा मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटलेली दिसायला लागते, आणि फुटलेला कापूस मला फार वेळ बघवत नाही. माझे वडील कापूसवाले, आईची अर्धी हयात कमरेला ओटी बांधून कापूस वेचण्यात गेली, माझी बी.एड.ची फी कापसातून आली. अशा घरातल्या माणसाने कापसाकडे पाठ करून बसावं म्हणजे कमाल आहे. पण मी बसतो. डोळे मिटून घेतो, कंडक्टरला वाटतं झोपलो.

याला कारण एक सिनेमा. तोही भुताचा.

तुम्ही तो पाहिला नसेल. नावही सांगत नाही, उगाच शोधत बसाल. वीसेक वर्षं होत आली त्याला. तेव्हा मी अमरावतीत एका विनाअनुदानित शाळेत मास्तर होतो, म्हणजे शिकवत होतो आणि पगाराची वाट बघत होतो. अकोल्यात रफीक होता, माझा कॉलेजचा मित्र. लग्नाच्या शूटिंगचा त्याचा धंदा. त्याच्याकडे एक डिजिटल कॅमेरा आला होता, काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट घालायची, आणि ती कॅसेट सरळ कॉम्प्युटरमध्ये उतरवायची. रिळं नाहीत, लॅब नाही, मुंबई नाही. त्या कॅमेऱ्याने आम्हा दोघांची डोकी फिरवली. दर रविवारी मी अकोल्याला जायचो आणि आम्ही टपरीवर चहा पीत सिनेमा रचायचो. प्रेमाचा सिनेमा काढायला देखणी माणसं लागतात, मारामारीच्या सिनेमाला गाड्या लागतात. भुताला काय लागतं? एक पांढरी साडी. असा आमचा हिशोब.

भुताला अंधार लागतो, हे नंतर लक्षात आलं. दिवे भाड्याने आणायची ऐपत नव्हती, आणि आणले असते तरी चालवायचे कशावर? त्या वर्षांत आमच्याकडे लाइट जाण्याचं नाही, येण्याचं वेळापत्रक असायचं. मग रफीकने तोड काढली. सगळी रात्र दुपारी काढायची. भर बारा वाजता शूटिंग, आणि नंतर कॉम्प्युटरवर चित्र गडद करून त्याला निळा रंग द्यायचा. झाली मध्यरात्र. वलगावला माझ्या मामेभावाच्या वावरात आम्ही अशा कित्येक मध्यरात्री काढल्या. आमचा हिरो त्या मध्यरात्री डोळे किलकिले करून बघायचा, कारण ऊन मी म्हणत असायचं. भूत झालेली मुलगी घामाने निथळायची आणि दर दोन मिनिटांनी पाणी मागायची. भुताच्या पायाशी काळीकुट्ट सावली पडायची. मी म्हणायचो, चांदणं आहे समज. बिटाचा रस रक्त म्हणून लावला, तर हिरोच्या मानेवर माश्या बसल्या. आजही ते दिवस आठवले की हसू येतं. इथपर्यंतच्या आठवणी मी कुठेही, कुणालाही सांगू शकतो.

निळ्या रंगात एक गोष्ट मात्र अशी दिसली की आम्ही दोघंही खुर्चीतून उठलो. कापूस. बाकी सगळं अंधारून जायचं आणि फुटलेली बोंडं तेवढी चमकायची. वावरभर डोळे उघडे असल्यासारखे. रफीक म्हणाला, "यार, हे तर दहा भुताइपेक्षा भारी हाय." आणखी कापूस हवा, मागे डोंगर हवा, असं ठरलं. रफीकचे मामू हिवरखेडच्या बाजूला राहायचे. तिकडून सातपुडा जवळ दिसतो. तिथे जाऊन नुसती कापसाची वावरं टिपून आणायची म्हणून एका सकाळी आम्ही दोघंच मोटरसायकलवर निघालो. नट नाहीत, साडी नाही, रक्त नाही. फक्त कॅमेरा, स्टँड, माइक आणि माझ्या कानाला हेडफोन.

ती वर्षं कोणती होती ते विदर्भात वेगळं सांगावं लागत नाही. तेव्हा मुंबईहून, दिल्लीहून टीव्हीच्या गाड्या यायच्या. खेड्यात कॅमेरा दिसला की लोक समजून जायचे, शेतीचं विचारायला आले. बायका पदर नीट करायच्या, कुणी आतून खुर्ची आणायचं. दुःख सांगण्याचीसुद्धा लोकांना सवय होऊन गेली होती. आम्ही मामूंच्या शेजारच्या गावाच्या कडेला एका वावराशी गाडी लावली तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं. आम्ही टीव्हीवाले नाही, एवढं वाक्य बोलायचं होतं. ते मी बोललो नाही. न बोलल्याने काम सोपं होत होतं.

वावर सुभद्राबाईचं होतं. पन्नाशीची बाई, काटक, आवाज खणखणीत. आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत पाय टाकणार तोच तिने हात वर केला.

"थांबा जी भाऊ. पह्यलं सीतादही होऊ द्या. मंग काय काढायचं थे काढा."

कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. चांगल्या पऱ्हाटीच्या बुडाशी जागा साफ करायची, पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा. फुटलेल्या बोंडातला कापूस न तोडता हलकेच ओढत त्याचा पेळू शेजारच्या झाडापर्यंत न्यायचा. मग दहीभात वावरात शिंपडायचा. घरोघरची रीत थोडी वेगळी, पण दहीभात सगळीकडे. त्याशिवाय वेचणीला हात लागत नाही. सुभद्राबाईचा हात गुणाचा म्हणून गावातल्या आणखी सात-आठ वावरांतही सीतादहीला तिलाच बोलवत. हे तिनेच सांगितलं, जरा ऐटीत. "हे बी घ्या तुमच्या मशीनीत," ती म्हणाली. रफीकने घेतलं. तिचे हात, खडे, तो लांबत जाणारा पेळू, वाऱ्यावर गेलेला दहीभात. माझी आई हेच करायची, अगदी तशीच खाली बसून. मला तेव्हा आईची आठवण आली होती, हे मुद्दाम लिहितो. मला कळत नव्हतं अशी पळवाट मला ठेवायची नाही.

सीतादही झालं आणि ती सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन बसली.

"घ्या आता. माह्याले बी बोलायचं हाय."

रफीकने माझ्याकडे पाहिलं. कॅसेट वाया जाणार होती. मी डोळ्यांनीच सांगितलं, चालू राहू दे, बाई खूश राहील तर दिवसभर वावर मिळेल. आधी तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. मग बोलत राहिली. दहा मिनिटं तरी बोलली. मध्ये एकदा काळ्या मातीचं ढेकूळ उचलून कॅमेऱ्याला दाखवलं. रडली नाही. कुठल्याशा गोष्टीवर हसलीसुद्धा. शेवटी विचारलं, "हे जाईन ना पुढं मुंबईले?" मी मान डोलावली.

ती काय बोलली? मला सांगता येत नाही. हेडफोन माझ्याच कानाला होता, तिचा शब्दन् शब्द माझ्या कानात पडत होता. पण मी ऐकत होतो तो वारा. माइकवर वारा घासतोय का, लांबच्या मोटारपंपाची घरघर येते का, एवढंच. त्या बाईने आयुष्यात एकदा जगाला काही सांगायचं म्हणून सांगितलं, आणि ते पोचलं एका माणसापर्यंत, ज्याचं लक्ष नव्हतं.

अकोल्याला रफीकच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही सिनेमा जोडत होतो. कूलर बंद, पंखा बंद, जनरेटरवर एकटा कॉम्प्युटर. सिनेमात एक चेटकीण होती आणि ते काम करणार होत्या त्या नाटकातल्या बाई ऐनवेळी फिरकल्याच नाहीत. चेटकिणीशिवाय गोष्ट लंगडी पडत होती. तेवढ्यात पडद्यावर सुभद्राबाईची कॅसेट आली.

"ही बाई घे," मी म्हटलं.

"कोनती? थे सीतादहीवाली?"

"हो. निळी कर. स्लो कर. आवाज काढून टाक."

रफीकचा हात माउसवर थांबला. "अबे, थे पूजा करून राहिली यार. तुले मालूम हाय ना?"

"मले मालूम हाय. पाहनाऱ्याले कुठं मालूम हाय?"

"तिले पुसलं का?"

"कोन पाहते बे आपला पिच्चर?"

रफीकने दोनदा मान हलवली, मग केलं. दोस्तीखातर केलं. दिवसाची रात्र झाली. पाच खडे झाले करणीचे खडे. कापसाचा पेळू संथ ओढताना कुणाचं तरी आतडं ओढल्यासारखा दिसायला लागला. आणि ती बोलत होती त्या जागी मंत्र हवा होता. तो मी दिला. सातवीच्या भूगोलातला काळ्या मातीचा धडा मी घोगऱ्या आवाजात वाचला आणि रफीकने तो उलटा वाजवला. तिच्या ओठांवर तो इतका चपखल बसला की मी टाळी वाजवली. हो, वाजवली. माती उचलून दाखवते तिथे आम्ही ढोल टाकला. तिची मूळ कॅसेट पुढे मोर्शीच्या एका लग्नात पुन्हा वापरली गेली. कॅसेटी तेव्हा अशाच पुन्हा पुन्हा वापरायच्या असायच्या. तिच्या आवाजावर कुणाची तरी वरात चढली.

अकोल्यात एका दुपारी ओळखीच्या शे-दीडशे लोकांना आम्ही सिनेमा दाखवला. लोक हसले. जिथे घाबरायचं तिथे तर खदखदून हसले. पण सुभद्राबाई आली आणि हॉल गप्प झाला. बाहेर पडताना एकाने माझा हात धरून विचारलं, "सर, थे चेटकीन कुठून आनली? एकदम नॅचरल." मी म्हणालो, "शोधली." त्या एका शब्दात मी केवढा मोठा दिग्दर्शक झालो होतो! आठवलं की आजही कान गरम होतात. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमधून रफीकने स्वतःचं नाव काढायला लावलं होतं. माझं मोठ्या अक्षरात होतं.

सिनेमा चालला नाही. आठवडी बाजारात थोड्या सीड्या गेल्या, बस्. मात्र तेवढी तीन-साडेतीन मिनिटं तुटून निघाली आणि आपल्या पायांनी चालायला लागली. मोबाइलमध्ये मेमरी कार्ड नवीन होतं. दुकानात कार्ड दिलं की गाणी भरून मिळायची, आणि गाण्यांबरोबर ती चेटकीण फुकट मिळायची. ना सिनेमाचं नाव, ना माझं. आपल्याकडची खरी बाई आहे, लपून काढलंय, असं लोक एकमेकांना सांगत. माझ्या वर्गातल्या एका पोराने मला ते दाखवलं. "सर, भेव लागते का?" मी त्याला मोबाइल शाळेत आणल्याबद्दल रागावलो.

दुसऱ्या वर्षी पऱ्हाटीवर लाल्या आला. पानं लाल पडून झाडं वाळायची, माणसं नुसती बघत राहायची. कुणाला तरी दोष देता आला असता तर बरं, अशा वेळी माणसाला वाटतं. लाल्याला चेहरा नसतो, दिल्ली-मुंबईलाही नसतो. सुभद्राबाईला होता, आणि तो ज्याच्या त्याच्या खिशात होता. रफीकला मामूंकडून कळलं. बाईला आता कुणी सीतादहीला बोलवत नाही. वेचणीच्या टोळीतही घेत नाहीत. ती वाटेने आली की लेकरांना घरात ओढतात.

मला सगळ्यात नवल याचं वाटतं की गावातल्या बायांनी तिला आपापल्या वावरात वर्षानुवर्षं हेच करताना पाहिलं होतं. उन्हात, हातभर अंतरावरून. तेच पाच खडे, तोच पेळू, तोच दहीभात. तरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्या निळ्या रंगावर विश्वास ठेवला. पुण्या-मुंबईच्या कुणी हे केलं असतं तर मी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं असतं, तुम्हाला आमच्या रीती कळत नाहीत म्हणून. इथे तर सीतादहीचा दहीभात खाऊन वाढलेल्या माणसाने ते केलं.

"चाल," रफीक म्हणाला. "मी संग येतो. पन बोलायचं तुले." मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. मग म्हणालो, परीक्षा होऊ दे. मग शाळेला अनुदान आलं, मग लग्न झालं, मग मुलगी झाली. रफीक बुऱ्हाणपूरला सासुरवाडीच्या धंद्यात गेला. जाताना त्याने विषय काढला नाही, आणि काढला नाही म्हणून मला बरं वाटलं. दर वर्षी कापूस फुटायचा आणि मी जाण्याचं ठरवायचो, आणि वेचणी संपली की सुटल्यासारखं वाटायचं. लाजेलाही हंगाम असतो असं मी स्वतःला समजावलं होतं. आता हे लिहून टाकलं की मोकळा होईन असंही वाटलं. पण लिहिणं सोपं आहे. हा लेख ज्यांच्या हाती पडेल त्यांतलं कुणी त्या गावात राहत नाही. हेही मला लिहायला बसण्याआधी ठाऊक होतं.

या वर्षी गेलो. एकटाच, अकोटवरून एसटीने. घर विचारायची वेळ आली नाही, ती अंगणातच बसली होती. सत्तरीची झाली असेल. ओटीतला कापूस निवडत होती. बोलायचं वाक्य मी बसमध्ये पाठ केलं होतं. काकू, तो सिनेमा मी काढला. सहा शब्दसुद्धा नाहीत.

तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"वळखलं मी तुमाले! तुमी थे टीव्हीवाले भाऊ. सूनबाई, खुर्ची आन वं, च्या ठेव." मी बसायच्या आत तिने विचारलं, "दाखवलं होतं ना मंग मुंबईले?"

"दाखवलं," मी म्हणालो.

"मले वाटलंच. आमच्याकडं लाइट नोती तवा, आमाले नाही दिसलं. दिसलं असन कोनाकोनाले." तिने समाधानाने ओटीतला कापूस सारखा केला. मग खुर्चीजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "पन भाऊ, तुमच्या तिथून कोनीतरी माही फिल्म चोरली जी. भुताच्या पिच्चरमदी टाकली. चेटकीन करून टाकलं मले."

सुनेने आणलेला चहाचा कप मी घेतला; सुभद्राबाई बोलतच होती.

"मी सांगतो ना त्याइले, बाप्पाहो, मी तर सीतादही करून राहिली होती. तर म्हनते, मंग तोंडानं मंतर काहून म्हनत होती? आता काय बोलली होती थे माह्याले तरी कुठं ध्यानात हाय? वीस वर्सं झाले, माह्याच वावरात एकटीनं करतो सीतादही. कोनी बोलवत नाही." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बरं झालं तुमी आले. तुमी होते ना तिथं, कानाले थे लावून. तुमी आयकलं होतं सारं. तुमी चार मानसाइले सांगा. तुमच्यासारख्याचं आयकतील थे. तुमी एक डाव सांगसान तर माहं नाव साफ होऊन जाईन."

तिचा हात कापसाच्या बोंडांच्या टोकांनी ओरखडलेला होता. ती वेळ होती. सांगायला दुसरी कुठली वेळ असते? सून दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हणालो, "काकू, आज गाडीची घाई आहे. पुढच्या खेपेला येतो तेव्हा सांगतो सगळ्यांना."

"हो जी, सावकाश या," ती म्हणाली. "पन याच."

थांब्यावर पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसं बसली होती. त्याच गावची, तिच्याच वयाची, दोघांच्या खांद्यावर उपरणं. गाडी यायला अजून अर्धा तास होता. एकाने मला खालीवर पाहिलं आणि सहज विचारलं,

"कोनाकडं आल्ते जी, पाव्हने?"

"कोणाकडे नाही," मी म्हणालो. "अकोटची गाडी बघत होतो."

"बसा मंग," तो म्हणाला, आणि चौघंही माझ्यासाठी सरकून बसले.